त्र्यंबकरावांसाठी निवडलेला आवाज

वायव्येची थंड हवा आर्वीच्या दमट उकाड्यावर चालून येत होती. संध्याकाळी टोर्नाडो कुठल्या गल्लीत उतरणार, हे वादळ केंद्राला दुपारीच कळलं होतं. भोंग्याला कुणी जुमानत नसे, म्हणून केंद्र घरोघरी फोन करी, आणि तोही ज्याच्या बोलण्याने घरातला माणूस हमखास हलेल त्याच्या आवाजात.

त्र्यंबकरावांसाठी संगणकाने कुमुदचा आवाज निवडला. ही त्यांनी घराबाहेर काढलेली बायको.

"माझा?" केंद्राच्या वादळ-निवाऱ्यात आधीच येऊन बसलेली कुमुद हसली. "उभ्या संसारात माझं एक ऐकलं नाही त्यांनी."

"म्हणूनच, ताई," केंद्राचे नेवारे म्हणाले. "तुम्ही 'घरीच थांबा' म्हणा. पळत येतील."

कुमुदला मोह झाला. काळजीने 'अहो, लवकर निघा' म्हटलं, की काम तमाम. वर लोक तिलाच भली म्हणतील. पण मग आपण कशाने मेलो, हे त्यांना कळणार कसं? इतक्या स्वस्तात सोडायला ती तयार नव्हती.

"घरीच थांबा," ती फोनवर म्हणाली.

थोड्याच वेळात त्र्यंबकराव बनियनवरच धापा टाकत निवाऱ्यात शिरले. "बघ! नाही ऐकलं तुझं!"

कुमुदने सगळ्यांदेखत संगणकाचा हिशेब त्यांना नीट समजावून सांगितला. निवारा खदखदून हसला. बाहेर पत्रे उडू लागले.

"आता बाहेर जाऊ नका हं," ती गोड आवाजात म्हणाली. "इथं माझ्या पायाशी बसा."

त्र्यंबकरावांनी दाराकडे पाहिलं. मग अख्ख्या गल्लीसमोर, बायकोचं ऐकून, ते खाली बसले.