वाघिणीचा सिग्नल

पाच जीपगाड्यांनी वाघिणीला वेढलं होतं. पिल्लांनी मान वर करावी म्हणून एक पाहुणा कुत्र्यासारखा भुंकत होता. झाडीतून आलेली वृषाली ते बघून थिजली.

वाघिणीच्या गळ्यातल्या पट्ट्याचा सिग्नल शिकाऱ्यांनी पकडू नये म्हणून क्षणाक्षणाला फ्रिक्वेन्सी बदलायचा. त्या बदलांचा गुप्त क्रम साठवून सिग्नल पकडणारा रिसीव्हर वृषालीने चार वर्षं खपून बनवला होता. दुसरा संच तिने विश्वासाने आपल्या मार्गदर्शकांना, खानझोडे सरांना दिला होता. तोच आता पुढच्या जीपमध्ये सरांच्या मांडीवर होता.

तेवढ्यात वाघीण फट शोधून पिल्लांसह झाडीत निसटली.

“काळजी नको,” सर कोंबडीचं हाड चोखत पाहुण्यांना म्हणाले, “पुन्हा शोधून देतो. यंत्र आमच्या वृषालीचं आहे!”

त्यांच्या हनुवटीवरून तेल ओघळत होतं. तिने लॅपटॉप उघडला, पट्ट्याला फ्रिक्वेन्सींचा नवा क्रम पाठवला आणि स्वतःकडची त्याची प्रत पुसून टाकली.

दोन्ही संच मुके झाले.

“अगं वेडे, आता तुलाही ती सापडणार नाही!” सर किंचाळले.

“माहीत आहे,” ती म्हणाली, आणि बाजूला जाऊन भडाभडा ओकली.