काठोकाठ पेला

माणिक दीड वर्षाचा झाला तरी हाकेला वळत नव्हता. एकदा डॉक्टरला दाखवून आणू, असं रत्नमाला घरात कितीदा तरी बोलली होती.

"बयरा असता तं बापाचा ट्रक आल्यावर असा वळून हासला असता का?" सासूबाई म्हणायच्या. "तुमा शिकलेल्या बायांले भलत्याच शंका."

ते खोटं नव्हतं. सुपेला वस्तीतल्या त्यांच्या घरासमोर देवानंदचा ट्रक येऊन थरथरत उभा राहिला की पायाखालची जमीन हादरायची, फळीवरची भांडी खणखणायची आणि माणिक दाराकडे वळून टाळ्या पिटायचा. तेवढ्यावर रत्नमाला मनाची समजूत घालायची.

मग त्या जुन्या इंजिनाने मान टाकली. देवानंदने ते अंगणातच उतरवून खोललं. महिनाभर पोळीलाही डिझेलचा वास येत होता. पिस्टन बदलले, रिंगा बदलल्या, इंजिनाखालचे झिजलेले रबरही नवे बसवले.

आज त्याने चावी फिरवली. इंजिन असं गरजलं की शेजारीपाजारी बाहेर आले. देवानंदने काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला बॉनेटवर ठेवला.

"पाह्य आई, थेंब हालून नाही राह्यला. आता घरातले भांडे नाही वाजणार."

सगळे हसले. रत्नमालाने पेल्याकडे पाहिलं, मग ट्रककडे पाठ करून मातीत खेळत बसलेल्या माणिककडे.



तोही हलला नव्हता.