सव्वा मूठ गहू

धुळ्याच्या दवाखान्यात भूपेंद्रचा ताप उतरला, तेव्हा कुठे बेबाबाईंनी भिंतीला पाठ टेकवली. दोन दिवस मुलगा भ्रमात बडबडत होता. मलेरिया मेंदूपर्यंत पोचतो की काय, अशी धास्ती डॉक्टरांनाही होती.

तरुण डॉक्टर सदफ हातात अहवाल घेऊन आली. "आजी, जंतू तुमच्याही रक्तात सापडले. तुम्हालाही गोळ्या घ्याव्या लागतील."

"माले ते साधी कसर बी नही," बेबाबाई म्हणाल्या. "एकच घर, तेच डास. मंग यालेच कसं व्हयनं?"

सदफ स्टूल ओढून बसली. "तुम्ही जन्मभर डोंगराच्या पायथ्याशी राहिलात. हा रोग तुमच्या रक्तातल्या पेशींना दर पावसाळ्यात भेटतो. ओळख ताजी असते, म्हणून त्या त्याला दाबून धरतात. यांचीही ओळख लहानपणी झाली असणार. पुण्यात इतकी वर्षं काढली आणि ती ओळख पुसट झाली."

"पुन्हा वळख व्हई का?"

"तिथेच राहून, पुन्हा पुन्हा आजारी पडून. अशी ओळख कुणी मुद्दाम करून घेऊ नये, आजी."

बेबाबाईंनी पिशवी मांडीवर ओढली. तिच्यात फडक्यात बांधलेला एक रोट होता. श्रावणात घरात कानबाई देवी बसते, तेव्हा घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. त्यांचे रोट घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचे, बाहेर तुकडाही जाऊ द्यायचा नाही. बेबाबाईंच्या घरात पुरुष एकच. तो पुण्याला गेल्यापासून त्या दर श्रावणात त्याच्या नावाचे गहू घेत आणि त्याचे रोट एकट्याच खात. यंदा मात्र तो श्रावण लागताच आला होता. कानबाईला विसर्जनासाठी नदीवर पोचवून घरी परतला आणि अंग तापले.

भूपेंद्रने डोळे उघडले. "माय, पुढल्या श्रावणात सगळ्यांना घेऊन येतो. पोरीला कानबाई दाखवायची आहे."

हे वाक्य ऐकण्यासाठी बेबाबाईंनी किती श्रावण घालवले होते. त्यांनी त्याच्या पायांवरची चादर नीट केली.

"येऊ नको, भाऊ. पावसाळामा तठे नकोच. पोरगीले ते आनूच नको."

"आणि रोट?"

"तुनी मूठ मी टाकसू."

"खाणार कोण पण?" तो हसला आणि हसता हसताच पुन्हा झोपी गेला.

बेबाबाईंनी फडके सोडले. रोट कडक झाला होता. शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई मागत काही नव्हती, नुसती पाहत होती. बेबाबाईंचा हात क्षणभर तिच्याकडे वळला आणि थांबला. मग भिंतीकडे तोंड करून त्या मुलाच्या वाटणीचा रोट खाऊ लागल्या.