स्पेनसाठीचे सोमवार

हर्षा आणि मिनल या चुलत बहिणी सदर भागातल्या एकाच कॉलेजात स्पॅनिश शिकत होत्या. स्पेनला सहा महिने शिकायला जाण्याची जागा एकच होती. ती हर्षाला मिळावी म्हणून तिची आई सुमती दर सोमवारी कडक उपास करत होती. जागा मिळाली जावेच्या मिनलला. जावेनं तर साधी चतुर्थीसुद्धा कधी धरली नव्हती. आता मिनलचा व्हिसा अडला, तरच हर्षाचा नंबर लागणार होता. सोमवारीच मिनल पेढे घेऊन आली. "मोठ्याई, सोड आता उपास. माझ्यासाठीच करून राहिली होती ना तू?" सुमतीनं पेढा हळूच वाटीत ठेवला. "व्हिसा यायचा आहे ना वं अजून. तोवर कसा सोडू?" भरल्या डोळ्यांनी मिनल गळ्यात पडली. सुमतीनं पाठीवरून हात फिरवला, देवघराकडे मात्र पाहिलं नाही.