पालथा कप

सुनेने रिकामा कप बशीत पालथा ठेवला आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांची नजर त्यावर खिळली.

तिच्या देशात चहा संपला की कप पालथा घालतात. मन भरले, एवढाच त्याचा अर्थ. या घरात मात्र पालथा कप म्हणजे यजमानाच्या तोंडावर लावलेले दार. ती हे विसरली नव्हती. हात विसरले होते. संध्याकाळी सीमा बंद होणार होती. पलीकडच्या माणसांनी त्याआधी निघायचे, असा हुकूम होता. एखादा वरिष्ठ अधिकारी सही करून जामीन राहिला, तरच इथे राहायची मुभा. तिचा नवरा मान खाली घालून बसला होता. समोर त्याचे मामा होते, परराष्ट्र खात्यातले.

“पाहिलंस, ताई?” मामा म्हणाले. “मी म्हणतो ते हेच. माणसं वाईट नसतात गं, पण संस्कारच वेगळे. लढाया उगाच पेटत नाहीत. आज मी हिच्यासाठी सही करायची, आणि उद्या...”

“उद्या ही तुझाही कप पालथा घालील,” सासू म्हणाली. “फारच भयंकर!”

“थट्टा नको.”

“थट्टा कसली? याच कपावरून आम्ही दोघींनी अख्खा हिवाळा अबोला धरला होता. भांडी आदळली. मी हिला आडमुठी म्हटलं. हिने मला तिच्या भाषेत काय म्हटलं, ते मी अजून विचारलेलं नाही.”

सुनेच्या ओठांच्या कडा नकळत हलल्या.

“मग कप आडवा ठेवायचं ठरलं. ना हिचं, ना माझं. तोफा काही मागवाव्या लागल्या नाहीत.”

सून घाईने कप आडवा करू लागली. सासूने तिचे मनगट धरले.

“राहू दे. आज तसाच राहू दे.”

मग ती भावाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही.

“यांच्या लग्नात तू हिच्या बापाच्या गळ्यात गळा घालून गायलास. रीती तेव्हाही वेगळ्याच होत्या. इकडे बघ आणि सांग मला. त्या सीमेवरच्या डोंगरात तांबं सापडलं नसतं, तर तुला हिचा कप दिसला असता?”

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खुंटीवरचा कोट घेऊन ते दाराशी गेले. सुनेची भरलेली बॅग उंबऱ्यावर उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्यांनी ती उचलली, क्षणभर हातात तोलली. मग घराच्या आत, भिंतीला टेकवून ठेवली, आणि खिशातले पेन चाचपत जिना उतरू लागले.