मागच्या खोलीतलं मशीन

ते चौऱ्याऐंशी साल होतं, आणि वहिनी पडद्याच्या कापडाचे तुकडे हातात घेऊन बँकवाल्या बाईंच्या दारात उभ्या होत्या. "तुमच्या घरात सगळे गाढ झोपतात म्हणे," त्या म्हणाल्या. "कशानं, तेवढं सांगा."

बँकवाल्या बाई हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचा नवरा बोटीवर इंजिनखान्यात होता. सगळी वसाहत त्याला बोटवाले म्हणायची. तरुणपणापासून तो समुद्रावर. दोनदा कायमचा म्हणून घरी आला आणि दोनदा परत गेला, कारण जमिनीवर त्याच्या डोळ्याला डोळा लागेना. या खेपेला निघताना म्हणाला होता, "नव्या घरात झोप लागली तर राहतो. नाही लागली तर बोटीच्या करारावर पुन्हा सही करतो." हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला. वहिनी तेव्हापासून दारोदार झोपेचे उपाय विचारत होत्या.

वसाहतीतली घरं एकाच नकाशाची, भिंतीला भिंत लागून. प्रत्येकानं आपापल्या घरात काही ना काही तोडून बदललेलं, त्यामुळे सल्ल्याला तोटा नव्हता. बँकवाल्या बाई म्हणाल्या, "पडदे अस्तराचेच घ्या. आमच्या ह्यांना सकाळ झालेली चहा दाखवून पटवावी लागते." समोरचे पोस्टमास्तर येऊन पंख्याखाली उभे राहिले आणि मान वर करून म्हणाले, "वहिनी, हा पंखा नाही, ही बैलगाडी आहे. बदला." मग त्यांनी खुर्च्या सरकताना वाजू नयेत म्हणून पायांना लोकरीचा नमदा लावायला सांगितला, बिजागऱ्यांना तेल सांगितलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवायला सांगितलं. शेवटी निजायच्या खोलीच्या भिंतीवर कान ठेवून म्हणाले, "खरं दुखणं इथं आहे."

भिंतीपलीकडे शिवणवाल्या मावशींचं मशीन होतं. पायाचं, जुनं, बिडाचं. दिवसभर चालायचं आणि वहिनींच्या भांड्यांच्या फळीवरचे पेले हलकेच किणकिणायचे.

वहिनी संकोचत गेल्या. मावशींनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. "नेते की मागच्या खोलीत. मला काय, पाय इथंही हलवायचा, तिथंही. पंचाईत नातीची. ती या भिंतीला डोकं लावून झोपते. नाही झोपली तर तुमच्याकडे पाठवीन हो."

"पाठवा," वहिनी म्हणाल्या, आणि घरी येऊन त्यांनी भिंतीला कॉर्कचे तक्ते ठोकून घेतले.

बोटवाले आले तेव्हा घर कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं झालं होतं. दार लागलं तरी कळायचं नाही. दुपारचं ऊन अस्तरातून गाळून मधासारखं आत यायचं आणि जमिनीवर पडून राहायचं. बोटवाल्यांनी सगळं हात लावून पाहिलं, सगळ्याचं कौतुक केलं. मग ते गादीवर आडवे झाले आणि छताकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. डोळे तांबारले. पायमोजे घालून ते या खोलीतून त्या खोलीत फिरायचे, आणि वहिनींना वाटायचं, घरात नवरा नाही, त्याची सावली आली आहे.

एका दुपारी वहिनी बाजारातून आल्या तर दाराशी बॅग. भरलेली, पट्टे आवळलेले. घरात कोणी नाही.

त्या कोपऱ्यापर्यंत धावत गेल्या. रस्ता उन्हात झोपला होता. परत वळल्या तेव्हा मावशींच्या मागच्या खोलीतून मशीन ऐकू आलं, एकसारखं, जराही न अडखळता. काय वाटलं कोण जाणे, त्या आत शिरल्या.

चिंध्यांच्या ढिगात बोटवाले जमिनीवर बसले होते. डोकं मशीनच्या लाकडाला टेकलेलं, तोंड उघडं, हात मांडीवर लहान मुलासारखे पालथे पडलेले. शेजारी मावशींची नात तशीच झोपली होती.

"निरोप घ्यायला आले होते," मावशी कुजबुजल्या. "म्हटलं, पाणी तरी प्या. टेकले, ते असे."

"मावशी, घामाघूम झालात. थांबा की जरा."

"मघाशी थांबले होते. लगेच डोळे उघडले त्यांनी."

वहिनींनी सुईकडे पाहिलं. सुईत दोरा नव्हता. सुईखाली कापडही नव्हतं. त्यांना आपली भिंत आठवली, पंखा आठवला, उतरवलेलं घड्याळ आठवलं. उभा जन्म इंजिनाच्या माथ्यावर झोपलेल्या माणसासाठी आपण घरातला आवाज न् आवाज वेचून बाहेर टाकला होता.

त्यांनी पदर खोचला. "सरका मावशी. पाय कसा मारायचा, मला दाखवा."

संध्याकाळी कॉर्कचे तक्ते निघाले. मशीन पुन्हा भिंतीशी आलं आणि अलीकडून पलंग त्याच भिंतीला लागला. पुढे बँकवाल्या बाईंची बदली झाली. ते अस्तराचे पडदे वहिनींनी त्यांनाच देऊन टाकले. पोस्टमास्तर निवृत्त झाल्यावर मुलाकडे गेले आणि तिथल्या शेजाऱ्यांचे पंखे तपासू लागले. नातीनं मोठेपणी घर घेतलं ते छापखान्याच्या वर, आणि कुणाचा सल्ला घेतला नाही. मावशी गेल्या तेव्हा मशीन वहिनींना ठेवून गेल्या. बोटवाल्यांनी पुन्हा सही केली नाही. पुष्कळ वर्षं ते दुपारचे झोपले, आणि एका दुपारी मशीन थांबल्यावरही उठले नाहीत.

परवा पलीकडच्या घरात नवीन बिऱ्हाड आलं. तिथली सून कापड घेऊन वहिनींच्या दारात उभी राहिली. "आजी, रोज दुपारी तुमचं मशीन ऐकते. मला एक झबलं शिवून द्याल?"

वहिनींनी कापडावरून हात फिरवला आणि परत तिच्या हातात दिलं.

"मला शिवता येत नाही गं," त्या म्हणाल्या.