वही सापडली नाही

पक्षाघाताने वाचा गेल्यावर कुमुदताई गळ्यातल्या पट्ट्यातून बोलत. मनातला शब्द पट्टा उच्चारायचा, पण आवाज परका वाटायचा. प्रयोगशाळेतली ऋजुता तो रोज सुधारायची. प्रत्येक बदलाची नोंद संगणक आपोआप ठेवायचा.

"मंगळवारचा आवाज परत लाव," त्यांचे यजमान दत्तारामकाका फोनवर म्हणाले. "ही 'अहो' म्हणाली. अगदी पूर्वीसारखी."

ऋजुताने नोंद उघडली. पट्ट्याने टिपलेला तो 'अहो' तिथे होता. पण खाली लिहिलं होतं, 'प्रोग्रॅमची वही सापडली नाही. आवृत्ती सापडली नाही.' वही, म्हणजे प्रोग्रॅम लिहिलेली फाइल, सेव्ह न करताच चालवायची तिची जुनी खोड. तिने कपाळावर हात मारला आणि दोन दिवस शोधत बसली. शेवटी तिने काकांना फोन केला.

"काका, चूक माझीच. पण तेव्हा तुम्ही नेमकं काय करत होतात?"

"हिच्या डोक्याला तेल लावत होतो. पट्टा तेलकट होतो म्हणून काढून खिडकीत ठेवला होता. तिथूनच बोलला असेल."

ऋजुताने नोंदीतला तो 'अहो' पुन्हा लावून ऐकला.

"काका, गळ्यात नसला की तो नुसता ऐकतो. बोलत नाही."

पलीकडे फोन तसाच चालू राहिला. बाटलीचं झाकण उघडल्याचं तिला ऐकू आलं, मग काकांचा आवाज: "कुमुद, आधी तो पट्टा काढू."